मालाडची नायिका, गोरेगावची आई

पश्चिम रेल्वेच्या गाडीने अंधेरी सोडली, की गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली ही स्थानके भराभर मागे पडतात. त्यांपैकी गोरेगाव आणि मालाड यांमधले अंतर इतके थोडे, की गोरेगावला चढलेला उतारू घाम पुसून वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच मालाड येते. एका मराठी नटीला मात्र हे अंतर उलट दिशेने, म्हणजे मालाडहून गोरेगावला, कापायला सात वर्षे लागली. १९४१ साली मालाडच्या कलागृहात ती नायिका होती. १९४८ साली गोरेगावच्या कलागृहातून बाहेर पडलेल्या चित्रपटात ती नायकाची आई होती. तिचे नाव लीला चिटणीस.

आमच्या उपनगरात मी गेली कित्येक वर्षे लोकांना हे नाव विचारून पाहत आलो आहे. वयस्क मंडळी क्षणभर आठवतात आणि म्हणतात, “हो, ती आईची कामे करणारी!” शिवणाच्या यंत्रावर वाकलेली, खोकणारी, डोळ्याला पदर लावणारी, पांढऱ्या लुगड्यातली आई. उत्तर चुकीचे नाही. पण ते लीलाबाईंच्या आयुष्याच्या उत्तरार्धाचे उत्तर आहे. पूर्वार्ध निराळाच होता, आणि तो ठाऊक असल्यावाचून उत्तरार्धातली गंमत आणि त्यातला सल, दोन्ही कळत नाहीत.

लीलाबाईंचा जन्म ९ सप्टेंबर १९०९ चा, धारवाडचा. घर मराठी, वडील इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक. त्या काळात मुलीने इंग्रजी चौथी केली तरी शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावीत. लीलाबाई पदवीपर्यंत शिकल्या. कोवळ्या वयातच डॉ. गजानन यशवंत चिटणीस यांच्याशी लग्न झाले. घरात ब्राह्मसमाजी सुधारकी वातावरण आणि मने राजकारणाकडे ओढलेली. मानवेंद्रनाथ रॉय १९३० च्या अखेरीस गुप्तपणे हिंदुस्थानात परतले आणि १९३१ च्या जुलैमध्ये मुंबईत पकडले गेले. सरकार ज्याच्या मागावर आहे अशा या माणसाला आपल्या घरी आसरा देण्याचे धाडस या जोडप्याने केले होते. पुढे हा संसार टिकला नाही. पदरी चार मुलगे होते. लीलाबाईंनी शाळेत शिकवले, आणि मग पोट भरण्यासाठी रंगभूमीची वाट धरली.

“पोट भरण्यासाठी” हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. नटनट्यांची चरित्रे लिहिताना आपण कलेच्या ओढीविषयी फार बोलतो आणि घरभाडे, दूध, मुलांची फी यांविषयी फार थोडे. चार मुलांची आई पहाटे उठून घरचे आवरते, दिवसभर काम करते आणि रात्री नाटकाच्या तालमीला जाते, तेव्हा कलेची ओढ आणि घराची गरज यांत रेघ कुठे ओढायची?

लीलाबाई ज्या नाट्यसंस्थेत शिरल्या तिचे नाव ‘नाट्यमन्वंतर’. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली आणि १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने तो मराठी बोलू लागला. बोलपटाचे तिकीट स्वस्त, खेळ दिवसातून तीनदा आणि गाणी हवी तितकी. पदांना ‘वन्समोर’ मिळत मिळत पहाटेपर्यंत चालणाऱ्या संगीत नाटकांच्या कंपन्या त्यापुढे टिकणे कठीण झाले. एकामागून एक कंपन्या कर्जात बुडाल्या आणि नाटकगृहांतून पांढरे पडदे लागले. अशा पडत्या काळात काही सुशिक्षित तरुणांनी १९३३ साली नाट्यमन्वंतर काढली आणि त्याच वर्षी ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यॉर्नसनचे, मराठी रूप श्री. वि. वर्तकांचे. केशवराव दाते, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर अशी जाणती मंडळी त्यामागे होती. नाटक थोड्या वेळात संपणारे, रंगमंचावर खऱ्या दिवाणखान्यासारखा दिवाणखाना आणि गाणी मोजकी. शिवाय स्त्रीची भूमिका स्त्रीच करणार.

ही अखेरची गोष्ट आज वाचताना क्षुल्लक वाटेल. परंतु महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या शालूवर जीव टाकला होता. स्त्री कशी चालते, कशी लाजते, पदर कसा घेते हे पुरुषाने दाखवावे आणि घरोघरच्या बायकांनी ते पाहून शिकावे, असा तो काळ. पडद्यावर दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले होते खरे, पण ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या कुटुंबांच्या कपाळावरची आठी त्यानंतर वीस वर्षांनीही गेली नव्हती. दुर्गाबाई खोटे १९३२ साली तारामती झाल्या तेव्हा त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. लीलाबाईंची वाट त्यांच्या मागोमागची. १९३४ च्या ‘उसना नवरा’ या विनोदी नाटकात त्यांनी काम केले आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे त्यांनी स्वतःची नाटकमंडळीही उभी केली.

नाट्यमन्वंतरच्या शाळेत लीलाबाई जे शिकल्या ते त्यांना जन्मभर पुरले. जुन्या नटाला शेवटच्या बाकावरच्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत आवाज न्यावा लागे. त्यामुळे वाक्य चढवून म्हणण्याची सवय जडे. ध्वनिक्षेपकापुढे तो आवाज फाटका लागतो आणि कॅमेऱ्यापुढे ते हातवारे वेडगळ दिसतात. नव्या नाटकातील नट दिवाणखान्यात बोलावे तसे बोलत. बोलपटाला हवे होते ते नेमके हेच. नाटक सोडून पडद्यावर गेलेल्या कित्येक मोठ्या नटांचे तिथे बस्तान बसले नाही, आणि लीलाबाईंचे बसले, याचे एक कारण मला या शिक्षणात दिसते.

पडद्यावरची सुरुवात मात्र मुळीच भरजरी नव्हती. गर्दीत उभे राहणाऱ्या ‘एक्स्ट्रा’ म्हणून त्यांनी आरंभ केला. मग मारामारीचे स्टंटपट आले. १९३७ च्या ‘जंटलमन डाकू’त तर त्या पुरुषवेषात वावरल्या. जाहिरातवाल्यांनी तेवढ्यात हेरले, की ही बाई पदवीधर आहे. आणि ‘महाराष्ट्रातील पडद्यावरची पहिली पदवीधर कुलीन स्त्री’ अशा अर्थाची जाहिरात इंग्रजी वर्तमानपत्रात झळकली. डाकूचा वेष आणि विद्यापीठाची पदवी एकाच जाहिरातीत! पण चांगली कामेही येत होती. १९३६ साली मास्टर विनायकांनी हंस पिक्चर्सचा ‘छाया’ काढला, कथा वि. स. खांडेकरांची, आणि लीलाबाई त्यात होत्या. प्रभातचा ‘वहाँ’ झाला. १९३८ साली सोहराब मोदींचा ‘जेलर’ आला. आणि १९३९ साली मालाडहून बोलावणे आले.

मालाडचा त्या वेळचा थाट आज डोळ्यांपुढे आणणे अवघड आहे. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजी सुरू झाली आणि त्यामुळेच एवढ्या लांब कलागृह काढण्याची कल्पना कुणाला सुचू शकली. आजूबाजूला ताडमाड, भाताची खाचरे, ख्रिस्ती वाड्या. अशा जागी हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. ती होती लिमिटेड कंपनी. भाग विकून भांडवल जमवले होते आणि संचालक मंडळावर मुंबईतली बडी धेंडे होती. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक योसेफ वीर्शिंग आणि आणखी काही तंत्रज्ञ जर्मनीहून आणलेले. नट असो वा सुतार, सगळे महिन्याच्या पगारावर. राय यांना शिकलेली माणसे हवी असत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणाला त्यांनी एक दिवस नायकाच्या जागी उभे केले, तेच अशोककुमार.

या कंपनीचे नायिकापद म्हणजे देविकाराणीचे सिंहासन. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ने ते पक्के झाले होते. त्या सिंहासनावर ‘कंगन’मध्ये एक मराठी बाई बसली, वय तीस आणि चार मुलांची आई. चित्रपट खूप चालला. मग १९४० साली ‘आझाद’ आणि ‘बंधन’, १९४१ साली ‘झूला’. नायक चारही वेळा अशोककुमार. ‘बंधन’मधली गाणी लीलाबाईंनी स्वतःच्या गळ्याने म्हटली; पार्श्वगायनाचे राज्य अजून यायचे होते. नाटकाचा अनुभव नसलेल्या अशोककुमारांनी पुढे मोकळेपणाने सांगितले, की डोळ्यांनी बोलायचे कसे हे आपण लीला चिटणीस यांच्याकडून शिकलो. नाट्यमन्वंतरची शाळा अशी मालाडपर्यंत पोहोचली, आणि तिथून ती कुठे कुठे गेली याचा हिशेब कोण ठेवणार?

हा सारा काळ धामधुमीचा होता. ‘कंगन’ पुरा होण्याच्या सुमारास महायुद्ध पेटले आणि मालाडच्या जर्मन मंडळींना सरकारने स्थानबद्ध केले. ऑस्टेन यांचा तो हिंदुस्थानातला अखेरचा चित्रपट ठरला. १९४० च्या मे महिन्यात हिमांशु राय वारले. कंपनीत दोन तट पडले. १९४३ साली शशधर मुखर्जी, अशोककुमार, ग्यान मुखर्जी प्रभृतींनी मालाड सोडले आणि अलीकडच्याच स्थानकावर, गोरेगावला, ‘फिल्मिस्तान’ काढले.

१९४१ सालची आणखी एक नोंद करायला हवी. ‘लक्स’ साबणाच्या जाहिरातींत तोवर हॉलिवूडच्या गोऱ्या तारका हसत असत. त्या जागी प्रथमच एक हिंदी तारका आली ती लीला चिटणीस. सुगंधी साबणाच्या वडीला आपण इतिहासात मानाचे पान देत नाही. तरी विचार करा: गोरा रंग म्हणजे सौंदर्य असे मनात बिंबलेल्या त्या पारतंत्र्याच्या काळात, धारवाडकडची एक मराठी बाई, घर मोडलेली, चार मुलांची आई, साऱ्या देशाला सौंदर्याचा नमुना म्हणून दाखवली गेली. ज्या समाजाने तिच्या नाटकात जाण्याला नाके मुरडली त्याच समाजातल्या सुना न्हाणीघरात तिच्या नावाचा साबण मागू लागल्या.

आणि नंतर सात वर्षांनी ती आई झाली.

१९४८ च्या फिल्मिस्तानच्या ‘शहीद’मध्ये नायक दिलीपकुमार, नायिका कामिनी कौशल आणि नायकाची आई लीला चिटणीस. दिलीपकुमारांचा जन्म डिसेंबर १९२२ चा. म्हणजे मायलेकांत अंतर अवघे तेरा वर्षांचे! १९५१ च्या ‘आवारा’त त्या राज कपूरच्या आई झाल्या, तेथे अंतर पंधरा वर्षांचे. ‘काला बाजार’, ‘हम दोनो’, ‘गाइड’ यांत देव आनंदची आई. अंतर चौदा वर्षांचे. मी ही वजाबाकी कागदावर मांडली तेव्हा प्रथम हसू आले. मग त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहिली आणि हसू मावळले. अशोककुमार लीलाबाईंहून दोन वर्षांनी लहान. ‘शहीद’नंतरच्याच वर्षी, १९४९ साली, मालाडच्याच बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’मध्ये ते नायक होते, आणि त्यांची नायिका मधुबाला सोळा वर्षांची होती. ‘झूला’तली जोडी एकच, पण तिच्यातला पुरुष नायकच राहिला आणि स्त्रीचे केस पांढरे रंगवले गेले.

यात कुणा एकाला दोष देता येत नाही. प्रेक्षकांत आपणही होतो. नायिकेचे वय झाले, की तिला आईच्या पाटावर बसवायचे आणि नायकाला मात्र बोहल्यावरून उतरू द्यायचे नाही, हा रिवाज आपल्या टाळ्यांनीच पडला. पुढे निरूपा रॉय यांनी ‘दीवार’मध्ये ज्या मुलांची आई साकारली, त्यांतला थोरला, म्हणजे अमिताभ बच्चन, त्यांच्याहून अकराच वर्षांनी लहान होता. रिवाज कायम राहिला आणि वजाबाकी आणखी आखडली.

लीलाबाईंनी हे कसे पत्करले असेल? त्यांच्यापुढे घर होते, मुलांची शिक्षणे होती. रुसून बसणे परवडणारे नव्हते. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांनी उरलेसुरले काम म्हणून ते उरकले नाही. ‘आवारा’ पुन्हा लक्षपूर्वक पाहा. त्यात त्या आरंभी न्यायाधीशाची तरुण पत्नी आहेत. संशयावरून नवरा भर पावसात गर्भवती स्थितीत घराबाहेर काढतो. मग झोपडपट्टीत मूल वाढवणारी बाई, मग झिजलेली आई, आणि शेवटी नवऱ्याच्याच मोटारीखाली येणारी अनोळखी म्हातारी. एका चित्रपटात एका बाईचा सबंध जन्म आहे. समोर पृथ्वीराज कपूर यांच्यासारखा गडगडणारा नट असताना त्या आवाज चढवीत नाहीत. नाट्यमन्वंतरच्या दिवाणखान्यातले ते हळू बोलणे इथे कामी येते. हाच चित्रपट १९५४ पासून रशियात गाजला. मॉस्कोच्या चित्रगृहात राज कपूरसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांनी या आईसाठीही डोळे पुसले असतील. फक्त तिचे नाव त्यांना ठाऊक नसेल.

१९५२ साली तर योगायोग पुरा झाला. कलकत्त्याहून आलेल्या बिमल रॉय यांचा मुंबईतला पहिला चित्रपट बॉम्बे टॉकीजने काढला. त्याचे नाव ‘माँ’. आईच्या भूमिकेत लीला चिटणीस. ज्या कंपनीने त्यांना नायिका केले तिच्याच चित्रपटात त्या आता आई म्हणून आल्या. कंपनी स्वतःच थकली होती. १९५४ च्या ‘बादबान’नंतर तिचा कारभार संपला. लीलाबाई मात्र काम करीत राहिल्या. ‘गंगा जमुना’ची गोविंदी, ‘दोस्ती’तली आई, ‘गाइड’मधली राजूची आई. नर्तकी घरात आणणाऱ्या मुलाला ती आई सोडून जाते, आणि तिच्या जाण्याने घर ओके होते.

नुसत्या पुढ्यात आलेल्या भूमिका करून त्या स्वस्थ बसल्या असेही नाही. १९४२ साली त्यांनी ‘किसी से ना कहना’ हा चित्रपट काढला. १९५५ साली ‘आज की बात’ दिग्दर्शित केला. सॉमरसेट मॉमच्या ‘सेक्रेड फ्लेम’चे नाट्यरूपांतर त्यांनी स्वतः लिहिले आणि बसवले. प्राध्यापकाची मुलगी पुस्तकांना विसरली नव्हती. १९८१ साली त्यांचे आत्मचरित्र मराठीत आले, ‘चंदेरी दुनियेत’. हिंदी चित्रपटाने नाव आणि पैसा दिला. पण आयुष्याची जमाखर्चाची वही मांडायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती मायबोलीत मांडली, याचा मला एक मराठी वाचक म्हणून फार आनंद वाटतो.

१९८७ च्या ‘दिल तुझको दिया’नंतर त्या पडद्यावरून गेल्या आणि मुलांकडे अमेरिकेला गेल्या. १४ जुलै २००३ रोजी कनेटिकट राज्यातील डॅनबरी या गावी, एका शुश्रूषागृहात, त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पडद्यावर इतक्या नामांकित मुलांची आई झालेली ही बाई परदेशात गेली. मराठी घराघरांतून आजी-आजोबा मुलांपाठोपाठ सातासमुद्रापलीकडे जाण्याची रीत आज परिचयाची झाली आहे. तिथले निवांत, थोडे एकाकी म्हातारपणही. लीलाबाईंच्या अखेरच्या वर्षांकडे मी त्या नजरेने पाहतो. मुलांसाठी रंगभूमीवर पाय ठेवलेली आई मुलांजवळच अखेरपर्यंत राहिली, हे त्यातले समाधान.

मालाड पश्चिमेला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ हे नाव अजून आहे. रिक्षावाल्याला सांगितले तर तो बरोबर नेऊन सोडतो. आत लहानमोठे कारखाने, गाळे, गोदामे आणि मालाचे टेंपो. ‘कंगन’ आणि ‘झूला’ येथे झाले हे सांगणारे काही डोळ्यांत भरत नाही. चेंबूरचे आर. के. कलागृह २०१७ च्या आगीनंतर विकले गेले. आपल्या उपनगरांत इमारती उभ्या राहायला आणि पाडायला सारखाच वेळ लागतो. त्याविषयी गळा काढून उपयोग नाही.

पण चित्रपट अजून आहेत. दिवाळीच्या सुटीत फराळ झाल्यावर घरातली मंडळी एकत्र बसतील तेव्हा ‘आवारा’ किंवा ‘गाइड’ अवश्य लावा. आणि नातवंडांनी “ही म्हातारी कोण?” असे विचारले, तर त्यांना ‘झूला’तल्या गाण्याची एखादी चित्रफीतही दाखवा. बत्तिशीतली ती बाई झोपाळ्यावर बसल्यासारखी सहज हसते आहे, शेजारी अशोककुमार तिच्या डोळ्यांकडे पाहून शिकतो आहे. मुलांना दोन्ही चेहरे एकाच बाईचे आहेत हे चटकन पटणार नाही. पटेपर्यंत दाखवा.